पुस्तकात मेलेली हौसाक्का

हौसाक्का गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी देवयानीनं मोबाइलवर तिच्याबद्दल लांबलचक लिहिलं. वर 'माझी दुसरी आई गेली', मध्ये काळापांढरा फोटो आणि खाली हात जोडणाऱ्यांची ही भली मोठी रांग. आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या गटात ते दिवसभर फिरत होतं. एकीनं मलाच पाठवून वर विचारलं, "वाचलंस का गं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं." माझ्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण या देवयानीनं हौसाक्काला एकदा आधीच मारून टाकलं होतं. चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या कादंबरीत मारलं होतं आणि त्या मरणाबद्दल हारतुरेही घेतले होते.

कादंबरीचं नाव मी लिहिणार नाही. फुकटची जाहिरात मी कशाला करू? त्यात एका डॉक्टरीणबाईच्या मुलीला सांभाळणारी बाई आहे, तिचं नाव हौसा. गरीब गाय, अडाणी, येता जाता पदरानं डोळे पुसणारी. स्वतःची पोर गावाकडं टाकून आलेली आणि या शहरातल्या मुलीवर जीव ओवाळून टाकणारी. शेवटी ती सरकारी दवाखान्यात त्या मुलीचा लहानपणीचा फ्रॉक छातीशी धरून मरते. हे पुस्तक पुण्यात प्रसिद्ध होत होतं तेव्हा खरी हौसाक्का सांगलीला आमच्याकडं आली होती आणि इमारतीच्या फाटकात उभी राहून भंगारवाल्याला झापत होती. पोरं झोपायच्या वेळेला तो भोंगा लावून आला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवलं. कादंबरीतलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण हौसाक्का मला कळत होती. ती आमच्या इमारतीत देवयानीच्या घरी कामाला होती, आमचा जिना एकच होता आणि माझी दोन्ही मुलं तिच्या पायांवर न्हाली. तेव्हा ती कशी होती हे कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. आणि खरं सांगायचं तर मला थोडं उट्टंही काढायचं आहे.

ठेंगणी, रुंद हाडाची बाई. पातळ कायम गुडघ्याशी खोचलेलं. हनुवटीवर तीळ, त्याच्यावर एक ताठ केस, आणि तो केस उपटावा असं तिला जन्मात वाटलं नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय तोंडातून शब्द निघायचा नाही आणि एकदा निघाला की दुपारी पोरं झोपेपर्यंत थांबायचा नाही. सासर वडूजच्या अलीकडच्या एका वाडीतलं. नवरा लवकर गेला. जमीन कोरडवाहू, पावसाच्या मर्जीवर. मुलगी रंजना तीनचार वर्षांची असताना तिला आजीपाशी ठेवून हौसाक्का सांगलीला आली. ती सातवी शिकलेली होती. आमच्याकडचं वर्तमानपत्र मी शाळेत गेले की ती शेवटच्या पानापासून वाचायची आणि संध्याकाळी मला बातम्या सांगायची. कादंबरीतली हौसा वर्तमानपत्र उलटं धरते. पुढं जे काही झालं त्यात हा अपमान किरकोळ होता, पण तो ती विसरली नाही.

विसरणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण त्याकडं येण्याआधी तिचं काम सांगते, कारण कामात तिच्यासारखी बाई मी पाहिली नाही. पाटावर बसून पाय लांब करायची, त्यांवर बाळ पालथं घालायची आणि कोमट तेलानं असं चोळायची की पोरगं आधी बोंब ठोके, मग गप्प होई आणि शेवटी पाण्याचा तांब्या अंगावर पडताना डोळे मिटून घेई. मग ओव्याची धुरी, मग तीट, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून आईच्या मांडीवर. "घ्या तुमचं लेकरू," असं म्हणायची. नेहमी 'तुमचं'. दुसऱ्या बायका लाडानं 'माझं सोनं, माझं पिल्लू' करतात तसं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तिनं परक्या पोराचा कधी मुकाही घेतला नाही.

माझा मुलगा उभा राहायला लागला तेव्हाची गोष्ट. मी शाळेतून दमून आले तर हौसाक्का म्हणाली, "बाई, चा पिऊन घ्या आन् जरा हितं बसा." मी बसले. तिनं त्याला कपाटाला टेकवून उभं केलं आणि स्वतः बाजूला सरकली. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि दोन पावलं टाकून माझ्या मांडीवर येऊन पडला. मी आनंदानं रडायचीच बाकी राहिले. घरादाराला फोन केले. पुष्कळ वर्षांनी, तो इंजिनिअर झाल्यावर, बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की तो तिच्यासमोर तीन दिवस आधीपासून चालत होता. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? ती म्हणाली, "पयलं पाऊल आईनं बगायचं असतं. मला बगून काय करायचंय? रंजीचं बगितलंय की म्या. मला एक पुरं."

आता तिच्या रागाकडं येते. हौसाक्का डूख धरायची. तिच्या वाटेला गेलेला माणूस सुटला असं झालं नाही, मात्र त्यातही तिची एक शिस्त होती.

महिन्यातून एकदा ती रंजनाला भेटायला जायची. विटा, मायणी करत जाणारी एस्टी. तिची वाडी फाट्यापासून आत, आणि फाट्यावर रंजना डोक्याला तेल लावून वाट बघत बसलेली असायची. एकदा एका कंडक्टरनं गाडी फाट्यावर थांबवली नाही. "पुढं उतरा, स्टँडवर," म्हणाला. रंजनानं आईला गाडीच्या खिडकीत बघितलं आणि गाडी तिच्यासमोरून निघून गेली. पोर गाडीमागं पळाली. हौसाक्का वडूजहून पायी उलट येईतोवर ती रस्त्याच्या कडेला रडून रडून निजली होती.

पुढं काही वर्षांनी नेमकं त्याच कंडक्टरचं बिऱ्हाड सांगलीत आलं आणि त्याच्या बायकोला मुलगी झाली. कुणीतरी हौसाक्काचं नाव सुचवलं. तिनं त्याला बघताक्षणी ओळखलं आणि काम घेतलं. रोज सकाळी तो स्कूटरवरून तिला न्यायला यायचा. ही फाटकात तयार उभी असायची, पण तो थांबला की हात करून म्हणायची, "पुढं जावा, वळून या." तो बिचारा चौकापर्यंत जाऊन वळून यायचा. बाळंतपणाचा सगळा सव्वा महिना हे चाललं. त्याला वाटलं बाईचा काही तरी नेम असेल. शेवटच्या दिवशी तिनं कारण सांगितलं. तो म्हणे खाली मान घालून उभा राहिला. मी तिला विचारलं, एवढा राग होता तर काम कशाला घेतलंत? ती म्हणाली, "लेकराला काय ठावं? लेकराला चांगलंच न्हाऊ घातलं. बा-ला फिरवला."

हीच तिची शिस्त. राग मोठ्या माणसावर काढायचा, पोराला त्याची झळ लागू द्यायची नाही.

देवयानी जन्मली तेव्हापासून हौसाक्काच्या हातात. आई डॉक्टर, दवाखाना खालच्या मजल्यावर, पण मुलीला आई दिसायची ती जेवणापुरती. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, मीही नोकरीच केली. देवयानी हुशार होती, बोलकी होती आणि थापाडी होती. शाळेत सांगायची की आमच्या आक्काकडं शंभर मेंढ्या आहेत आणि ती लांडग्याला नुसत्या हातानं धरते. हौसाक्का त्यावर पोट धरून हसायची. ती वडूजला जायची म्हटलं की देवयानीचं पोट दुखायचं, डोकं दुखायचं, कधी खरोखरच ताप यायचा. हौसाक्का कपाळावर घडी ठेवायची, औषध द्यायची आणि वेळ झाली की पायात चपला घालायची. थांबली कधीच नाही.

एकदा मात्र तिची गाडी चुकली. देवयानी तेव्हा सात वर्षांची असेल. वाडीवरून निरोप आला होता की रंजनाला न्हाण आलंय, या. त्यांच्यात अशा वेळी मुलीला पाटावर बसवून ओटी भरतात आणि पहिलं लुगडं-चोळी आईनं आणायची असते. हौसाक्कानं पेठेत हिंडून हिरवं लुगडं घेतलं, बांगड्या घेतल्या, सगळं एका कापडी पिशवीत भरून दाराशी ठेवलं. निघायच्या वेळी पिशवी नाही. तिनं घर पालथं घातलं. आमच्याकडं बघितलं, जिन्यात बघितलं, गच्चीवर जाऊन आली. देवयानी खुर्चीवर पाय हलवत बसली होती आणि "मला माहीत नाही" म्हणत होती. दुपारची एस्टी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडरला ती पिशवी दवाखान्यात कापसाच्या खोक्यामागं सापडली. हौसाक्का मिळेल त्या गाडीनं गेली, पण तिकडं सगळं उरकलं होतं. ओटी चुलतीनं भरली होती. हौसाक्कानं रंजनाला सांगितलं, पिशवी हरवली होती. देवयानीला तिनं बोट लावलं नाही, तिच्या आईलाही काही बोलली नाही. मला म्हणाली, "लेकरू हाय. मी जाऊ नये वाटलं त्याला. लेकरावर कसला राग?"

देवयानी मोठी झाली, पुण्याला गेली, लिहायला लागली. हौसाक्कानं अर्ध्या सांगलीची बाळं न्हाऊ घातली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर साताऱ्याला रंजनाकडं राहायला गेली. रंजनाचा नवरा तिथं एका कारखान्यात होता, मुलगी कॉलेजात. अधूनमधून सांगलीत आमच्याकडं यायची, चार दिवस राहायची, इमारतीतल्या नव्या आयांना दरडावून जायची. माय-लेकींचं चांगलं चाललं होतं. रंजना फार बोलणारी नव्हती, पण सकाळी आईचे गुडघे शेकून कामाला जायची, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मग हे पुस्तक आलं. रंजनाच्या मुलीनंच कौतुकानं कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी आणलं, आजीवर पुस्तक लिहिलंय म्हणून. रंजनानं ते वाचलं. त्यात ती ओटीच्या वेळची एस्टीची गोष्ट आहे. फक्त पिशवी हरवतच नाही. पुस्तकातली हौसा पिशवी घेऊन गाडीत बसते, खिडकीतून डॉक्टरीणबाईची मुलगी रडताना तिला दिसते, ती गाडीतून खाली उतरते, मुलीला कवटाळते आणि म्हणते, "माझी खरी लेक तूच." तिकडं गावात तिची पोर ओटीसाठी पाटावर बसून राहते. आमच्या गटातल्या बायकांना हेच पान सगळ्यात आवडलं होतं.

रंजना भांडली नाही. तिनं आईला एवढंच विचारलं, "पिशवी खरंच हरवली हुती?" हौसाक्का म्हणाली, "व्हय." रंजनानं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. हौसाक्कानं ते दोन दिवस बसून वाचलं, पहिल्या पानापासून स्वतःच्या मरणापर्यंत. मग ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली की हे खोटं आहे, आणि रंजना म्हणत राहिली, "छापलंय की. नाव तुजं, तीळ तुजा, लुगडं हिरवं. मग एवढंच कसं खोटं?" त्यानंतर तिनं आईला आई म्हणणं सोडलं. जेवायला वाढायची, औषध द्यायची, पण हाक नाही. गुडघे शेकायचं पाणी तापवून बादली दाराशी ठेवायची आणि निघून जायची. एका सकाळी म्हणाली, "खऱ्या लेकीकडं ऱ्हावा की चार दिस."

हौसाक्का पिशवी घेऊन माझ्या दारात आली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण तिचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, तिला फोन लावा."

मी लावला. मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. देवयानीला आनंद झाला. आक्का कशी आहेस, गुडघे कसे आहेत. हौसाक्कानं सरळ विचारलं, "देवे, तू असं का लिवलंस?"

"आक्का, अगं ती कादंबरी आहे. त्यात खरं-खोटं असं नसतं. ती हौसा म्हणजे तू नाहीस."

"मंग नाव माजं का? तीळ माजा का?"

"नाव बदललं असतं तर त्यातला जीव गेला असता. आणि भावना तर खरी आहे ना?"

"कुनाची?"

देवयानीनं विषय बदलला. म्हणाली की पुढच्या महिन्यात सांगलीत तिचा सत्कार आहे, त्यात तिला आक्काला व्यासपीठावर बोलवायचं आहे, साडी द्यायची आहे, सगळ्यांसमोर पाया पडायचं आहे. तू येशील ना? हौसाक्का म्हणाली, "येती की." आणि फोन माझ्या हातात दिला. तिचा चेहरा आता पडलेला नव्हता. कंडक्टरची स्कूटर यायच्या वेळी ती फाटकात जशी उभी राहायची, तशी ती मला दिसली. मी म्हटलं, "हौसाक्का, तुमच्या हातचं लेकरू आहे ते." ती म्हणाली, "तवा लेकरू हुती. आता चाळिशीला आली."

सत्काराला रंजनानं यायला हवं, एवढीच तिची अट होती. मी साताऱ्याला फोन केला. रंजना आधी नाही म्हणाली, मग आली, पण सभागृहात पुढं बसायला तयार झाली नाही. दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली.

सभागृह भरलं होतं. भाषणं झाली. देवयानी सुंदर बोलली, ती बोलतेच सुंदर. मग तिनं आक्काला वर बोलावलं. हौसाक्का माझी इस्त्रीची साडी नेसून, एकेक पायरी चढून वर गेली. देवयानी पाया पडायला वाकली आणि हौसाक्कानं पाय मागं घेतले. समोरच्या लोकांना वाटलं, म्हातारी संकोचली. मग तिनं माईक मागून घेतला.

"मी हौसा. ह्या पुस्तकात मेलेली."

हशा पिकला. ती थांबली, हशा संपू दिला.

"ह्यात लिवलंय, मी एस्टीतनं उतरले आन् हिला म्हनले, खरी लेक तू. मी एस्टीत चढलेच न्हवते. माजी पिशवी गावत न्हवती. देवे, सांग ह्यास्नी, पिशवी कुनी लपवली हुती?"

देवयानीच्या हातात दुसरा माईक होता. ती आधी हसली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "मी, आक्का. मीच लपवली होती. तू जाऊ नयेस म्हणून."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी कडकडून वाजवल्या. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती गोड." मला त्यांचा हात धरून ओढावासा वाटला.

हौसाक्का टाळ्या थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "टाळ्या कशापायी वाजवताय? माजी पोरगी तकडं पाटावर बसून वाट बगत हुती. मी ह्यांच्यात चाकरी केली. चोख केली. हिला लेकीपरीस जास्त जीव लावला म्हनती, ते साफ खोटं हाय. माजी लेक ती, दाराशी हुभी हाय. आन् हिनं मला मारलीच हाय, तर मेले म्हना. माज्या लेखी हीबी मेली. सकाळच्याला मी घाटावर हिच्या नावानं आंगूळ करती."

साडीचं खोकं टेबलावर तसंच ठेवून ती खाली आली. सगळ्यांना वाटलं, म्हातारी रागाच्या भरात बोलली. आपण सगळेच भांडणात असं बोलतो. पण मला तिचा स्वभाव माहीत होता. मी घरी जाऊन माझी सकाळची कामं रद्द केली.

त्या सकाळी मी तिला पाहिलं ते शेवटचं. त्यानंतर ती साताऱ्याला गेली, आमचं बोलणं फोनवर व्हायचं, आणि ती गेली तेव्हा मी मुलाकडं परगावी होते. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती घाटावरची हौसाक्का.

रंजना आमच्याकडंच राहिली होती. ती कोरडं पातळ घेऊन पायरीवर उभी राहिली, मी तिच्याशेजारी. खाली दोघीतिघी धुणं धूत होत्या. एवढ्यात वरच्या रस्त्यावर गाडी थांबली आणि देवयानी धावत उतरली. केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला. "आक्का, नको ना असं करूस," ती वरच्या पायरीवरून म्हणाली. "मी पुढच्या आवृत्तीत बदलते. तुला हवं तसं लिहिते."

हौसाक्कानं मागं वळून पाहिलं नाही. एकेक पायरी उतरून ती कंबरेएवढ्या पाण्यात गेली, दक्षिणेकडं तोंड केलं आणि बुडी मारली. आपल्यातलं कुणी गेल्याची बातमी आली की जसं डोक्यावरून पाणी घेतात, तसं सगळं रीतसर केलं. देवयानी तिथंच पायरीवर बसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, आता लिही हे.

दुसरी बुडी मारून हौसाक्का वर आली आणि तिच्या तोंडून हंबरडा फुटला. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती पाण्यात उभी राहून ऊर बडवत रडत होती, कुणी खरोखरच गेल्यासारखी. धुणं धुणाऱ्या बायका थांबल्या. एकीनं हात जोडले आणि रंजनाला विचारलं, "कोन गेलं वं?"

हौसाक्का थरथरत बाहेर आली तशी रंजना दोन पायऱ्या खाली उतरली.

"परक्याच्या पोरीसाठी कुनी असं रडत न्हाई, आई," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांनी तिनं आई म्हटलं होतं. हौसाक्कानं तोंडावरचं पाणी हातानं निपटलं आणि तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता नाकारेल, व्यासपीठावर म्हणाली तेच म्हणेल.

"न्हाई रडत," ती म्हणाली. "पर एस्टी मी सोडली न्हाई, रंजे. पिशवी गावत न्हवती."

"ठावं हाय. काल ऐकलं की." रंजना पातळाची घडी उलगडत होती. "पर मोकळ्या हातानं आली असतीस तरी चाललं असतं गं. मला लुगडं कुठं पायजे हुतं?"

हौसाक्कानं आयुष्यात कुणापुढं माघार घेतलेली मी पाहिली नव्हती. तिनं लेकीचा हात धरला आणि म्हणाली, "चुकलं माजं."

रंजनानं पातळ दोन्ही हातांनी पसरून आईभोवती आडोसा धरला. आत हौसाक्का ओलं सोडून कोरडं नेसली. मग रंजनानं ओल्या पातळाचा पिळा खांद्यावर टाकला आणि आईच्या काखेत हात घालून तिला चढवायला लागली. वर देवयानी तशीच बसली होती. "आक्का," ती म्हणाली. दोघी तिच्या अगदी शेजारून, तिच्याकडं न बघता चढून गेल्या. त्यांना साताऱ्याची गाडी धरायची होती.